कोरं म्हणजे पड नव्हे : वाटेत हरवलेली नोंद शोधायची कशी?

(कुही येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय संगणकाचा आहे. माहिती एका ठिकाणी भरली जाते, चार-पाच ठिकाणांवरून प्रवास करते, शेवटी कुठेतरी साठवली जाते, आणि आपण बघायला जातो तेव्हा ती तिथे नसते. अशी हरवलेली माहिती शोधायची पद्धत काय, एवढंच आज बोलायचं आहे. उदाहरण मात्र आपण सातबाऱ्याचं घेऊ. तो कागद इथे बसलेल्या प्रत्येकाने हातात धरलेला आहे, त्यामुळे नवं काही समजावून सांगावं लागणार नाही.

सातबारा म्हणजे दोन नमुने एकत्र. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख: जमीन कोणाची, किती, तिच्यावर बोजा कोणाचा. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही: कोणत्या वर्षी, कोणत्या हंगामात, किती क्षेत्रावर काय पेरलं. ही बाराची नोंद पूर्वी पटवारी करायचा. सरकारी भाषेत तलाठी, आणि २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी. पण आपल्याकडे तोंडात पटवारीच बसलेलं आहे, तर आम्हीही तेच म्हणतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. टाटा ट्रस्टच्या सहकार्याने तयार झालेलं हे ॲप. शेतकऱ्याने वावरात उभं राहायचं, खाते क्रमांक आणि गट क्रमांक निवडायचा, हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचं साधन भरायचं, पिकाचा फोटो काढायचा आणि पाठवून द्यायचं. फोटोसोबत त्या जागेचे अक्षांश-रेखांशही जातात.

आता तक्रार कशी येते बघा. "पऱ्हाटीचा फोटो काढला, सगळं भरलं, पाठवलं. महिन्याने सातबारा काढला तर बाराचा रकाना कोरा. नोंद गायब झाली."

आमचं म्हणणं असं की, 'गायब झाली' हा शोधाचा निष्कर्ष नाही. तिथून शोध सुरू होतो.

या कोऱ्या रकान्याची किंमत काय?

आधी हे स्पष्ट करू, नाहीतर हा नुसता तांत्रिक खेळ वाटेल. हमीभावाची खरेदी, पीक विमा, पीककर्ज, नुकसानभरपाई, या सगळ्यांत कुठे ना कुठे पिकाची नोंद विचारली जाते. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी राज्य सरकारने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अशी मदत जाहीर केली होती. सुरुवातीला अट होती ई-पीक पाहणीतल्या नोंदीची. शेतात कापूस होता, पण ॲपमध्ये नोंद नाही, म्हणून अनेक जण यादीबाहेर राहिले. पुढे २०२४ मध्ये ही अट सैल झाली आणि सातबाऱ्यावर नोंद असलेल्यांनाही घेतलं गेलं. म्हणजे एकाच वावराबद्दल दोन ठिकाणी दोन उत्तरं होती. एक वही म्हणत होती 'कापूस आहे', दुसरी काहीच म्हणत नव्हती. आणि काहीच न म्हणणाऱ्या वहीचा अर्थ 'नाही' असा लावला गेला.

आजच्या विषयाचं मर्म इथे आहे. नमुना बारामध्ये न पेरलेल्या जमिनीसाठी वेगळी जागा आहे. तिथे 'पड' लिहितात. म्हणजे 'इथे काही पेरलं नाही' हे सांगायला आपल्या जुन्या वहीत शब्द आहे. कोरा रकाना ही वेगळी गोष्ट. 'इथपर्यंत माहिती पोचलेली नाही' एवढंच तो सांगतो. संगणकाच्या भाषेत शून्य आणि रिक्त यांत हाच फरक असतो. पड म्हणजे शून्य. कोरं म्हणजे रिक्त. जी यंत्रणा या दोघांना एकच समजते, तिच्यात हरवलेली माहिती कधीच सापडत नाही, कारण काही हरवलंय हेच तिला कळत नाही.

वाट डोळ्यांसमोर आणा

माहिती ज्या वाटेने जाते तिला संगणकवाले पाइपलाइन म्हणतात. आपण कालवा समजू. धरणातून मुख्य कालवा, त्यातून वितरिका, तिच्यातून लघु कालवा, मग आपल्या धुऱ्यापर्यंतची चारी. शेवटच्या बांधीला पाणी आलं नाही म्हणून कोणी 'धरणात पाणी नाही' असं लगेच म्हणत नाही. आधी कालव्याच्या काठाने चालत जातो. कुठे फुटलंय, कुठे दार बंद आहे, कुठे कोणी वळवून घेतलंय.

पिकाच्या नोंदीच्या वाटेवर आपण पाच मुक्काम धरू.

पहिला, मोबाइल. नोंद आधी फोनमध्येच साठते. वावरात नेटवर्क नसलं तरी ती भरता येते आणि नंतर पाठवता येते.

दुसरा, वाट. फोनपासून सर्व्हरपर्यंत.

तिसरा, तपासणी. आलेली नोंद नियमांत बसते का ते इथे पाहिलं जातं. १ ऑगस्ट २०२२ ला ॲपची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानायचं ठरलं. ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्तीची मुभा दिली, आणि पटवाऱ्याने पडताळणी करायची ती दहा टक्के नोंदींची.

चौथा, साठा. नमुना बारामध्ये नोंद प्रत्यक्ष बसते ती इथे.

पाचवा, वाचन. आपण सातबारा काढतो, बँक तो बघते, किंवा एखाद्या योजनेसाठी त्यातून यादी तयार होते.

आता 'नोंद दिसत नाही' या एका वाक्याचे पाच वेगळे अर्थ होतात. ती निघालीच नाही. निघाली, पण पोचली नाही. पोचली, पण नाकारली गेली. बसली, पण भलत्या जागी. बसली योग्य जागी, पण दाखवणारा जुनी प्रत दाखवतोय. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. म्हणून मुक्काम ठरवल्याशिवाय उपाय करू नये.

शोधाचा क्रम

पहिलं काम, एकच नोंद हातात घ्या. "आमच्याकडे कोणाचंच दिसत नाही" यावर शोध होत नाही. मौजा कोणता, पटवारी हलका कोणता, गट कोणता, खातं कोणतं, वर्ष आणि हंगाम कोणता, कोणत्या फोनवरून, कोणत्या तारखेला. एवढं एका कागदावर लिहा. लिहितानाच बऱ्याच वेळा उत्तर सापडतं. खरिपाची नोंद रब्बीच्या रकान्यात शोधली जात असते. किंवा नोंद परवा संध्याकाळी केलेली असते आणि दुरुस्तीचे ४८ तास अजून संपलेलेच नसतात. ती हरवलेली नाही, मुक्कामाला थांबलेली आहे.

दुसरं, मधून धरा. कालव्याच्या शेपटापासून धरणापर्यंत एकेक दार बघत जायची गरज नाही. मधल्या दाराशी जा. तिथे पाणी असेल तर बिघाड खाली, नसेल तर वर. एका बघण्यात अर्धा कालवा सुटला. सोळा दारं असतील तर चार तपासण्यांत नेमकं दार सापडतं. आपल्या उदाहरणात मधला मुक्काम म्हणजे सर्व्हर. ॲपमध्ये गावातल्या खातेदारांच्या पीक पाहणीची यादी पाहायची सोय आहे. ती दुसऱ्याच्या फोनवरून बघा. स्वतःच्या फोनवर दिसतं ते कदाचित फोनमध्येच साठलेलं असेल. दुसऱ्याच्या फोनवर तुमची नोंद दिसली तर ती सर्व्हरला पोचली, पुढचा शोध साठ्यात आणि वाचनात. दिसली नाही तर परत फोनकडे या.

तिसरं, एकाची की अनेकांची? शेजारच्या धुऱ्यावरच्याची, त्याच आठवड्यात भरलेली नोंद दिसते का? त्याची दिसते आणि तुमची नाही, तर दोष बहुधा तुमच्या नोंदीतल्या तपशिलात. अख्ख्या मौजाची दिसत नाही, तर दोष वाटेत. अख्ख्या तालुक्याची ठरावीक दिवसापासून दिसत नाही, तर त्या दिवशी यंत्रणेत काय बदललं ते विचारा. या एका प्रश्नाने शोधाचे कितीतरी तास वाचतात.

चौथं, चावी तपासा. साठवलेली प्रत्येक नोंद एका चावीने सापडते. इथे ती चावी म्हणजे मौजा, गट, खातं, वर्ष, हंगाम. यातला एक दात चुकला तरी कुलूप उघडत नाही, आत माल असूनही. आणि आपल्या भागात ही चावी चुकायला बरीच निमित्तं आहेत. माणूस राहतो एका गावी, वावर दुसऱ्या मौजात. त्यातही रिठी गावं आहेत. तिथे वस्ती नाही, पण महसुली दप्तर स्वतंत्र आहे. एकाच नावाचे बुद्रुक आणि खुर्द आहेत. वैनगंगेवर गोसीखुर्द धरण झालं, कुही तालुक्यातली गावं बुडिताखाली गेली, माणसं नव्या गावठाणांत आली. अशांपैकी कोणाचं वावर बुडितातून उरलं असेल तर ते जुन्याच मौजाच्या नावावर असणार. ॲपमध्ये गाव निवडताना राहण्याचं गाव निवडलं तर चूक. जमिनीचा मौजा निवडायचा.

मग वाटण्या. गट ४५ चे ४५/१ आणि ४५/२ झाले असतील आणि नोंद जुन्या ४५ वर शोधली जात असेल तर ती मिळणार नाही. सामायिक खात्यात एका भावाने सगळं क्षेत्र स्वतःच्या नोंदीत भरलं तर दुसऱ्याच्या नोंदीला क्षेत्रच उरत नाही. आणि एकर-हेक्टरचा घोळ. आपण बोलतो एकरात, सातबारा असतो हेक्टर-आरमध्ये. दोन एकर म्हणजे ०.८१ हेक्टर. तिथे कोणी नुसतं २ लिहिलं तर ते जवळपास पाच एकर होतात. हे गटाच्या क्षेत्रात बसत नाही, आणि न बसणारी नोंद तिसऱ्या मुक्कामावर अडते.

आवाज न करता होणारं नुकसान

अडलेली नोंद 'मी अडले' असं सांगत असेल तर फार बिघडत नाही. खरी भीती न बोलता गळणाऱ्या नोंदीची. याचं जगभर गाजलेलं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. २०२० मध्ये, कोविडच्या काळात, २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतल्या १५,८४१ बाधितांची नोंद देशाच्या आकड्यांत आलीच नाही. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती पब्लिक हेल्थ इंग्लंड ही संस्था एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये घेत होती. त्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. फाइल भरली आणि उरलेल्या ओळी बाहेरच राहिल्या.

यात लक्षात घेण्यासारखं काय? ज्यांची तपासणी झाली त्यांना आपला निकाल कळला होता. प्रयोगशाळेतही नोंद होती. मधल्या एका टप्प्यावर माहिती गळली. परिणाम असा की त्यांच्या संपर्कात आलेल्या हजारो लोकांना वेळेवर सावध करता आलं नाही. कोणी खोडलं नाही, कोणी चोरलं नाही. पोतं भरलं, उरलेला माल खाली सांडला, आणि किती माल आला होता हे कोणी मोजलेलंच नव्हतं.

मोजणी कशी असावी ते आपल्या मिरचीच्या सातऱ्यावर बघायला मिळतं. पोती येतात तेव्हा वजन होतं. बाया देठ खुडतात. संध्याकाळी परत वजन. स्वच्छ मिरची, अधिक देठ, अधिक खराब माल, अधिक वाळण्यातली थोडी घट, याची बेरीज सकाळच्या वजनाशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर त्याच दिवशी विचारणा होते, महिन्याने नाही. माहितीच्या वाटेवर प्रत्येक मुक्कामाला नेमकं हेच हवं: आल्या किती, पुढे गेल्या किती, नाकारल्या किती, थांबल्या किती. चारही आकडे जुळले पाहिजेत. नाकारलेल्या नोंदींची वेगळी वही हवी, आणि तिच्यात नाकारण्याचं कारण साध्या मराठीत हवं. 'क्षेत्र गटापेक्षा जास्त' एवढं लिहून आलं तर शेतकरी पाच मिनिटांत दुरुस्त करेल.

दोन्ही टोकं जुळवून पाहा

यंत्रणा बनवणारे सांगतात की प्रत्येक टप्प्यावर तपासणी आहे, मग नोंद बिघडेलच कशी? याचं उत्तर सॉल्टझर, रीड आणि क्लार्क या तिघांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात दिलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत संगणकांची अनेक जाळी मध्यस्थ यंत्रांनी जोडलेली होती. एका यंत्राकडून दुसऱ्याकडे माहिती जाताना प्रत्येक टप्प्यावर तपासणी होत होती. त्यामुळे सगळे निर्धास्त. पण एका मध्यस्थ यंत्राच्या पोटातच दोष होता. आत माहिती इकडची तिकडे ठेवताना मधूनच दोन अक्षरांची अदलाबदल व्हायची. दोन यंत्रांमधली वाट तपासलेली, यंत्राच्या आतली जागा मात्र कोणी तपासत नव्हतं. कालांतराने महत्त्वाच्या फाइली बिघडल्या. शेवटी लोकांना जुन्या छापील प्रतींशी एकेक ओळ ताडून पाहावी लागली.

त्यातून निघालेला धडा साधा आहे. मधल्या तपासण्या उपयोगी असतात, पण खात्री फक्त टोकांना होते. जे पाठवलं आणि जे साठलं, ते समोरासमोर ठेवून बघायचं.

आपल्याकडे हे काम महसूल खात्याने केलेलं आहे, आणि पद्धत अगदी देशी होती. हस्तलिखित सातबारे संगणकात चढवल्यानंतर काही ठिकाणी नावं गळली होती, क्षेत्र चुकलं होतं. म्हणून २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकातला सातबारा गावात मोठ्याने वाचायचा आणि ज्याची जमीन त्याने ऐकून सांगायचं, बरोबर की चूक. वहीतल्या अक्षराची गाठ वहीबाहेरच्या माणसाशी घालून द्यायची. मग दुरुस्त्या झाल्या. लेखनप्रमादाच्या चुका दुरुस्त करायला जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहेच. संगणकशास्त्र ज्याला टोक-ते-टोक पडताळणी म्हणतं ती चावडीवर बसून झाली.

काय करू नये

दोन गोष्टी हात जोडून सांगतो.

एक, नोंद दिसत नाही म्हणून ॲप काढून टाकून परत टाकू नका. न पाठवलेली नोंद फोनमध्येच असेल तर ॲपसोबत तीही जाईल. आधी फोनच्या पडद्याचे फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असे. मग नेटवर्कमध्ये येऊन पाठवून बघा.

दोन, घाईघाईने तीच नोंद तीनदा भरू नका. पहिली वाटेत थांबलेली असेल आणि नंतर पोचली, तर एकाच वावरावर दोन पिकं बसतात आणि आधीच्या कोड्यात आणखी एक कोडं पडतं. चांगल्या यंत्रणेत तीच नोंद दोनदा आली तरी एकदाच बसते. पण ती तशी आहे याची खात्री होईपर्यंत गृहीत धरू नका.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : पटवारी म्हणतात सर्व्हरचं काम आहे, सर्व्हरवाले म्हणतात तुम्ही नीट भरलं नाही. मग आम्ही कोणाला धरायचं?

उत्तर : माणसाला धरण्याआधी मुक्काम धरा. "माझी नोंद अमुक तारखेला दुसऱ्याच्या फोनवरच्या गावाच्या यादीत दिसते, पण सातबाऱ्यावर नाही" असं लिहून दिलं की 'तुम्ही भरलं नाही' हे उत्तर बंद होतं. तक्रारीत 'गायब' हा शब्द टाळा. 'शेवटची कुठे दिसली' आणि 'पुढे कुठे दिसत नाही' ही दोन ठिकाणं लिहा. तक्रार तहसील कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. पोच ही तुमच्या बाजूची वही आहे.

प्रश्न : २०२४ च्या रब्बीपासून नवं डीसीएस ॲप आलं. आता गटाच्या जवळ उभं राहिल्याशिवाय फोटोच घेत नाही. मग हे सगळं कालबाह्य नाही का?

उत्तर : ॲप बदललं, वाट तीच आहे. नव्या अटीने चुकीच्या जागेवरून होणाऱ्या नोंदी थांबतील, चांगलं आहे. पण वावरात उभा असलेला शेतकरी नकाशातल्या चुकीमुळे 'लांब आहे' असं ठरला, तर त्याची नोंद पहिल्याच मुक्कामावर अडेल. ती कुठे मोजली जाते? 'प्रयत्न केला, घेतलं नाही' अशांची संख्या कोणी ठेवत असेल तरच नकाशाची चूक कळेल. नाहीतर तो शेतकरी 'नोंद न करणारा' ठरेल.

प्रश्न : शोधायला किती दिवस द्यायचे?

उत्तर : पीक उभं आहे तोवर. कापूस वेचून झाला, धान कापून झालं, की सगळ्यात मोठा पुरावा वावरातून निघून गेला. मग उरतात ते फोटो आणि कागद. म्हणून आमची विनंती अशी आहे की नोंद केली त्या दिवशी पडद्याचा फोटो ठेवा, ४८ तास झाले की गावाची यादी बघा, आणि पंधरा दिवसांत एकदा सातबारा काढून बाराचा रकाना वाचा. कोरा दिसला तर त्याच आठवड्यात लेखी द्या. त्या वेळी पटवारी वावरात येऊन डोळ्यांनी पीक बघू शकतो. दोन महिन्यांनी तो फक्त तण बघेल.